सासूबाईंची लुगडी, शिंप्याकडच्या पट्ट्या आणि घरातील तिघांसाठी गोधड्या

प्रश्न : उंबरठा

नमस्कार. माझ्या सासूबाईंची सुती नऊवारी लुगडी त्यांच्या पश्चात ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आहेत. काही अजून चांगली टिकाऊ आहेत. काहींचा मधला भाग इतका विरला आहे की उजेडात धरल्यास आरपार दिसते. काठ आणि पदर मात्र बहुतेकांचे शाबूत आहेत. याशिवाय आमच्या गल्लीतील शिंपीदादांनी कातरणाचे एक मोठे गाठोडे मला दिले आहे. त्यात बोटभर ते चार बोटे रुंदीच्या लांब पट्ट्याच अधिक असून सुती, टेरिकॉट आणि रेशमी असे सर्व प्रकार मिसळलेले आहेत.

यांतून मला तीन गोधड्या करावयाच्या आहेत. पहिली माझ्या थोरल्या नणंदेसाठी. वन्संनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना थंडी सोसवत नाही आणि जड पांघरूण अंगावरून बाजूला सारणेही कठीण जाते. आईच्या लुगड्यांवर पहिला हक्क त्यांचाच आहे, असे मला मनापासून वाटते. दुसरी पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी, जी यंत्रात धुतली तरी टिकली पाहिजे. तिसरी भाचीच्या येऊ घातलेल्या बाळासाठी.

विरलेले कापड वापरावे की टाकून द्यावे? इतक्या अरुंद पट्ट्या एकमेकींना कशा जोडाव्यात, जेणेकरून शिवण वेडीवाकडी होणार नाही? सगळे हाताने शिवावे की यंत्रावर? मला साधे शिवणकाम येते, परंतु गोधडी आजवर मी फक्त आईला शिवताना पाहिली आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद : वारणाकाठ

ताई, विरलेले लुगडे टाकू नका. गोधडीत त्याची जागा आत असते. वरचे आणि खालचे आवरण धड कापडाचे असावे आणि मधली भर जुन्या, मऊ, विरलेल्या कापडाची असावी, अशी आमच्याकडची रीत आहे आणि तिच्यामागे कारण आहे. विरलेल्या कापडावर थेट ताण आला की ते टाक्याच्या कडेने फाटत जाते. तेच कापड दोन धड थरांच्या मध्ये सापडले, की ताण बाहेरचे थर घेतात आणि आतले कापड फक्त ऊब धरण्याचे काम करते. वारंवार धुतलेल्या सुती कापडाइतकी मऊ भर विकत मिळणे अवघड आहे.

आता माप सांगते. नऊवारी लुगडे साधारणपणे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्ह्याचे असते. त्याचे लांबीत चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा अधिक भरतो. दोन-दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की एका माणसाच्या गोधडीच्या दोन्ही बाजू एकाच लुगड्यातून निघतात. म्हणजे वन्संच्या गोधडीसाठी एक धड लुगडे आवरणाला आणि विरलेल्या लुगड्यांपैकी एखादेच भरीला, एवढे पुरे आहे. भरीचा मोह आवरावा. आपल्या आजीच्या काळच्या वाकळी पाच-सहा थरांच्या असत, कारण त्या अंथरण्यासाठीही वापरल्या जात. ज्यांना पांघरूण स्वतः बाजूला सारावयाचे आहे, अशा वृद्ध माणसासाठी आवरण धरून तीन, फार तर चार थर असावेत.

शिवण्यापूर्वी सर्व कापड धुवावे. खळ निघून गेली पाहिजे आणि जे आटावयाचे आहे ते आधीच आटले पाहिजे. न धुतलेले कातरण जुन्या लुगड्याशेजारी शिवले, तर पहिल्याच धुण्यानंतर तेथे चुण्या पडतात. लाल, काळ्या आणि गडद निळ्या कापडांवर ओला पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबावी. रुमालाला रंग लागला, तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळे भिजवावे. तरीही रंग जात राहिला, तर ते त्या गोधडीत घालू नये.

अंथरताना जमीन सपाट असावी. खालचे आवरण उलटे अंथरून चारी कडा ताणून त्यांवर वजने ठेवावीत, त्यावर भर पसरावी, आणि भरीचे तुकडे एकमेकांवर न चढवता कडेला कड भिडवून मांडावेत, नाहीतर तेथे उंचवटा येतो आणि तो झोपताना टोचतो. मग वरचे आवरण घालून हात-हातभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. पक्का धावदोरा आम्ही बाहेरच्या कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे नेतो. दोन ओळींत दोन बोटे अंतर पुरते. दोरा सुती घ्यावा. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरे, परंतु तो जुन्या कापडाला कापत जातो, आणि दोरा तुटलेला परवडतो, कापड फाटलेले परवडत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगते. वन्संना शिवता येत असेल, तर मधल्या काही ओळी त्यांच्याकडून घालून घ्याव्यात. आमच्या भागात उन्हाळ्यात शेतातली कामे उरकली की घरातल्या आणि शेजारच्या बायका एका गोधडीभोवती बसत, आणि ज्याची गोधडी असेल त्याच्या हाताचे टाके तीत असणे सगळ्यांना आवडत असे.

प्रतिसाद : ओहायोकर

अरुंद पट्ट्यांविषयी मी लिहितो. माझ्या पत्नीने आणि मी येथे अमेरिकेत ही पद्धत शिकलो आणि आपल्या गाठोड्याला ती नेमकी लागू पडते. पट्ट्या एकमेकींना जोडत लांब कापड तयार करावयाचे नसते. त्यामुळेच शिवण वाकडी होते. प्रत्येक चौकोन कागदाच्या पायावर स्वतंत्रपणे तयार करावयाचा असतो.

पातळ कागदाचे साडेआठ इंचांचे चौकोन कापा. पहिली पट्टी चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, सुलट बाजू वर करून ठेवा. तिच्यावर दुसरी पट्टी उलटी, कडेला कड जुळवून ठेवा आणि कागदासकट पाव इंच आत टीप मारा. दुसरी पट्टी उलगडून नखाने किंवा इस्त्रीने दाबा, तिच्या मोकळ्या कडेवर तिसरी ठेवा, आणि दोन्ही बाजूंनी कोपरे झाकले जाईपर्यंत असेच करत राहा. शेवटी चौकोन उलटा करून कागदाच्या कडेने जादा कापड कापून टाका. पट्ट्या कमी-अधिक रुंद असल्या, किंचित तिरप्या कापलेल्या असल्या, तरी चौकोन चौकोनच राहतो, कारण माप कागद सांभाळतो. रुंदी मात्र एक इंचाहून कमी नसावी. दोन्ही शिवणींत पाव-पाव इंच गेल्यावर अर्धाच इंच दिसतो आणि त्याहून बारीक पट्टीत मागे नुसत्या शिवणींचा गठ्ठा होतो.

टाका बारीक ठेवा, साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे कागदाला जवळजवळ भोके पडतात आणि तो सहज फाडून काढता येतो. परंतु सर्व चौकोन एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद काढू नका. पट्ट्या तिरप्या लावलेल्या असल्याने अनेकदा चौकोनाच्या कडेला कापडाचा तिरका धागा येतो आणि कागद नसेल तर ती कड ओढली जाऊन लांबते. वर्तमानपत्राची शाई हलक्या रंगांना लागते; वहीचा कोरा कागद उत्तम.

जोडल्यावर प्रत्येक चौकोन आठ इंचांचा उरतो. आडवे सात आणि उभे दहा, म्हणजे सत्तर चौकोनांत छप्पन्न बाय ऐंशी इंचांची गोधडी होते, जी वसतिगृहाच्या पलंगाला पुरेशी आहे. माझी खास शिफारस अशी, की प्रत्येक चौकोनाची पहिली, मधली पट्टी सासूबाईंच्या एकाच लुगड्याची घ्यावी. चौकोन चार-चारांच्या गटात फिरवून जोडले की त्या मधल्या पट्ट्या एकमेकींना मिळून सबंध गोधडीभर एकाच रंगाची जाळी तयार होते आणि बाकीचे कातरण कितीही रंगीबेरंगी असले तरी एका सूत्रात बसते. आजीचे लुगडे नातवाच्या पांघरुणात एका कोपऱ्यात न राहता सर्वभर राहील.

येथे ही पद्धत टंचाईतून रुजली. 1930च्या दशकातील मंदीत जुनी वर्तमानपत्रे आणि टपालाने येणाऱ्या कॅटलॉगची पाने पायाला वापरली जात. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, तेथील स्त्रियांच्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि 2006 साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. त्यांपैकी मिसूरी पेटवे यांनी 1942 साली पतीच्या निधनानंतर त्याच्या शेतात घालावयाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी म्हणून. तिच्यात विटलेला निळा आहे, मातकट रंग आहेत, गुडघ्यावर झिजलेल्या खुणा आहेत. त्या खुणा त्यांनी लपवल्या नाहीत. आपल्या लुगड्यांवर रफू किंवा ठिगळ असेल, तर तो भाग वगळू नये असे मला वाटते.

प्रतिसाद : शिवणवर्ग

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु तीन बाबी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिली बाब टेरिकॉटची. सुती आणि कृत्रिम कापड एकाच चौकोनात मिसळू नये. सुताला लागणाऱ्या गरम इस्त्रीने कृत्रिम कापड आकसते, आणि वापरात ते सुतापेक्षा जास्त टिकून शेजारच्या जुन्या सुताला झिजवते. ओळखू येत नसेल तर दोन धागे काढून चिमट्याने धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, कृत्रिम धाग्याची वितळून कडक गोळी बनते. टेरिकॉटच्या पट्ट्या बाजूला ठेवून त्यांचे पायपुसणे करावे. रेशमी पट्ट्याही मुलाच्या गोधडीत नकोत. यंत्रातील धुणे त्यांना मानवणार नाही.

दुसरी बाब यंत्राची. वारणाकाठ ताईंनी धावदोरा कडेपासून मध्याकडे न्यावयास सांगितला आहे. हाताने, जमिनीवर पसरलेल्या गोधडीवर ते योग्यच आहे, कारण थर जागचे हलत नाहीत. यंत्राचा दाबपाय मात्र वरचा थर पुढे ढकलत नेतो. तेथे कडेपासून सुरुवात केली, तर सगळा फुगवटा मध्ये जमा होतो. म्हणून यंत्रावर मधून सुरुवात करावी आणि कडेकडे यावे, सुई अठरा नंबरची घालावी आणि टाका मोठा ठेवावा. मुलाची गोधडी यंत्रावरच शिवावी असे माझे ठाम मत आहे. हाताचा धावदोरा सुंदर दिसतो, परंतु एका ठिकाणी तुटला की ओळ उसवत जाते, आणि वसतिगृहात सुईदोरा घेऊन बसेल असा मुलगा विरळा. वन्संची गोधडी मात्र हाताने शिवावी. यंत्राच्या घट्ट शिवणीपेक्षा ती अंगावर मऊ पडते.

तिसरी बाब बाळाची आणि ती सर्वांत महत्त्वाची. एक वर्षापर्यंतच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी किंवा मऊ गादीसारखे काही ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. म्हणून बाळासाठी जाड गोधडी करू नका. लुगड्याच्या सर्वांत मऊ भागाचे दोनपदरी दुपटे करा, जे मांडीवर घेताना आणि जागेपणी जमिनीवर खेळवताना उपयोगी पडेल. त्यावर मणी, टिकल्या, जरीचे धागे असे काहीही लावू नये. टाके बारीक घालावेत, म्हणजे बाळाचे बोट त्यात अडकणार नाही.

प्रतिसाद : बेळगावची लेक

एक छोटीशी भर घालते. आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घडी घातलेल्या त्रिकोणांचे फूल बसवतात. ते केवळ शोभेचे नाही. गोधडीचा कोपरा सर्वांत आधी झिजतो आणि तेथे हे जादा थर येतात. मुलाच्या गोधडीला असे कोपरे अवश्य करावेत. शिल्लक राहिलेले काठ त्यासाठी फार चांगले, कारण काठाची वीण लुगड्याच्या अंगापेक्षा घट्ट असते.

उंबरठा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल पट्ट्या निवडल्या. जाळून पाहिल्यावर निम्म्याहून अधिक सुती निघाल्या. वन्संना फोन करून विचारले, तर त्या म्हणाल्या की हिरवे लुगडे आवरणाला घे आणि मधले टाके मी येऊन घालीन. एकच शंका उरली आहे. एका लुगड्याच्या पदरावर खरी जर आहे. ती वन्संच्या गोधडीत कशी घ्यावी?

वारणाकाठ

पदरावरची जर गळ्याशी टोचते आणि धुण्यात तिचे धागे सुटतात, म्हणून ती अंगाला लागणाऱ्या बाजूला नको. पदर सलग ठेवून वरच्या बाजूला, पायाकडच्या भागात लावावा आणि त्याच्या पाठीमागे मांजरपाटाचे अस्तर आधी टाचून घ्यावे. धावदोऱ्याच्या ओळी जरीतून न काढता तिच्या दोन्ही बाजूंनी न्याव्यात. आणि वन्सं टाके घालावयास येणार आहेत, तर कच्चे टाके त्यांच्या येण्याआधी पूर्ण करून ठेवा. त्यांना गुडघे दुमडून जमिनीवर बसावे लागू नये म्हणून गोधडी टेबलावर पसरा आणि सुया आधीच ओवून ठेवा.