झेडपीच्या शाळेत वर्षाच्या मध्येच प्रवेश: कुणाला भेटायचं, काय बघायचं? (कोरेगाव, जि. सातारा)

वसनाकाठ: दिवाळीनंतर पिंपरीहून कोरेगाव तालुक्यात राहायला येतोय. मुलगा तिसरीत, मुलगी सहावीत, दोघंही विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. गावात झेडपीची चौथीपर्यंतची दुशिक्षकी शाळा आहे, पट 38. शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला तर मुलं घरी बसतील का? शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांत कुठे नाव लागेल का? पुढे नवोदयचं (केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं) काय?

अजिंक्यतारा_पायथा: 25 टक्के सोडून द्या. तो प्रवेश खासगी विनाअनुदानित शाळेत आणि फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतो, तिसरी-सहावीला नाही.

झेडपीत शिक्षणाधिकाऱ्यांची प्राथमिक आणि माध्यमिक अशी वेगवेगळी कार्यालयं. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र, त्याचे प्रमुख). दादा, तुमचं बहुतेक काम मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्यापाशीच होईल, साताऱ्याला हेलपाटे घालू नका. मुलीसाठी जवळच्या मोठ्या गावात झेडपीची सातवीपर्यंतची शाळा बघा, नाहीतर रयतसारख्या संस्थेचं अनुदानित हायस्कूल.

इमारतीच्या रंगापेक्षा शिक्षक मोजा. आरटीईनुसार 60 पटापर्यंत दोन शिक्षक. दोन्ही पदं भरलेली असली आणि पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असली तर 38 पटाची शाळा छान चालते, प्रत्येक पोराची वही रोज तपासून होते. पद रिक्त असेल तर चारही वर्ग एकावर येतात, आणि त्यातच प्रशिक्षण किंवा बैठक लागली की त्या दिवशी शिकवणं होत नाही. म्हणून सरळ विचारा: इथल्या शिक्षकाला कामगिरीवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या कामाला, कुठे पाठवलंय का?

पाटी_पेन्सिल: दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, आरटीईच्या कलम 5 मध्ये ते स्पष्ट आहे. मुलं पहिल्या दिवसापासून वर्गात बसू द्या.

अडतं ते ऑनलाइन नोंदीत. जुन्या शाळेनं यू-डायसवर (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलं नाही तर नव्या शाळेला ते घेता येत नाही. मूल वर्गात असतं, पटावर नसतं. पिंपरी सोडण्याआधी ते टाकून घ्या आणि दोघांचे पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) लिहून आणा. आधार आणि शाळेच्या नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. ‘प्रवीण’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे आय आणि दुसरीकडे डबल ई, एवढ्यावरही पडताळणी अडकते.

जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत) नाव चढवताना समोर बसून वाचून घ्या: नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात. हीच नोंद पुढे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला लागते, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

मोफत पुस्तकं जूनमध्ये वाटून झालेली असतात. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत जादा संच आहे का ते विचारा, तोवर ई-बालभारतीवरून पीडीएफ काढा. इंग्रजीतून मराठीत येणारी मुलं जोडाक्षरांवर आणि मराठीतल्या गणितावर अडखळतात. ‘हातचा’ म्हणजे काय हेच कळत नाही. सुट्टीतच रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या.

माणदेशी: नवोदयबद्दल आधीच सांगतो. साताऱ्याचं नवोदय खावलीला. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असताना देतात, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात हवी. किमान 75 टक्के जागा ग्रामीण, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत लागतात. तुमच्या मुलाची अर्धी तिसरी पिंपरीत गेली, त्यामुळे तो शहरी धरला जाईल. फॉर्ममध्ये ग्रामीण लिहिलं तर निवड होऊनही कागदपत्रांच्या पडताळणीत नाव जातं.

मुलगी अनुदानित शाळेत आली तर आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही.

पाटी_पेन्सिल: पोषण आहाराचं राहिलं. पाचवीपर्यंत दर दिवशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवी 150 आणि 30. पटावर नाव चढलं की धान्याचा हिशेब लागतो, म्हणूनही ती ऑनलाइन नोंद लवकर करा. 38 पटाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळा अनुदान वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत. त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर खर्चायचा असतो. त्यातच वीजबिल, खडू, नळाची तोटी. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. प्रवेश झाला की पुढच्या बैठकीची तारीख विचारून ठेवा आणि आईवडिलांपैकी एकजण तरी जा.

वसनाकाठ: ग्रामीण-शहरीचं अजिबात माहीत नव्हतं. पेन नंबर आणि ड्रॉपबॉक्सचं सोमवारी शाळेत जाऊन करतो. सर्वांचे मनापासून आभार.