शब्दचर्चा : डॉल्फिनचं 'कल्याण' करावं की 'सुस्थिती' पाहावी?

अनुस्वार :
सागरी उद्यानांत ठेवलेल्या डॉल्फिनांवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'वेलफेअर' पानापानावर आहे. सरकारी मराठीत त्याला 'कल्याण' म्हणतात, पण "डॉल्फिनांचे कल्याण" लिहिलं की एखादी सरकारी योजना असावी असं वाटतं. शिवाय बोलताना आपण "झालं कल्याण!" म्हणतो ते सगळं बिघडल्यावरच. दुसरी अडचण 'कॅप्टिव्ह'ची. पाळीव, बंदिस्त, बंदिवान, कैदी... काय घ्यावं?

खारा वारा :
'पाळीव' आधी बाद करा. गाय-कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ राहून बदलले. डॉल्फिन टाकीत जन्मला म्हणून पाळीव होत नाही. 'बंदिस्त' जागेला शोभतं, प्राण्याला नाही. 'कैदी' म्हटलं की गुन्हा चिकटतो. सरळ 'बंदिवासातला' लिहा.

आणि 'सागरी उद्यान' जपून हं. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणजे राखलेला खराखुरा समुद्र. तुमच्या लेखातलं उद्यान तिकीट लावून खेळ दाखवतं. तिथे 'डॉल्फिनेरियम' बरं.

वेलांटी :
'कल्याण'बद्दल माझं भांडण वेगळं आहे. कल्याण आपण दुसऱ्याचं *करतो*. त्यामुळे हा शब्द घेऊन मोजायला बसलं की करणाऱ्याचं कामच मोजलं जातं, प्राणी राहतो बाजूला. अमेरिकेच्या कृषी खात्याचे नियम पाहा. बॉटलनोज डॉल्फिनसाठी टाकीची रुंदी किमान ७.३२ मीटर किंवा त्या जातीच्या सरासरी लांबीच्या दुप्पट, यांतलं जे जास्त ते. खोली किमान १.८३ मीटर किंवा लांबीच्या निम्मी, यांतलंही जे जास्त ते. पूर्ण वाढलेला बॉटलनोज अडीच मीटर सहज भरतो. म्हणजे नियमात चोख बसणाऱ्या टाकीत तो शेपटीवर उभा राहिला तर डोकं पाण्याबाहेर! तपासणीच्या कागदावर मात्र सगळं ठीक.

'सुस्थिती' म्हटलं की प्रश्न प्राण्याकडे वळतो, त्याला कसं वाटतंय इकडे. गंमत म्हणजे 'हाल' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'स्थिती' एवढाच. 'हालहवाल'मध्ये तो अजून टिकून आहे. पण एकटे 'हाल' म्हटले की मराठीत ते वाईटच.

शेजारचा काका :
सुस्थिती ठीक, पण ती ओळखणार कशी? चेहऱ्यावरून तर मुळीच नाही. डॉल्फिनचं 'हसू' ही जबड्याची ठेवण आहे, तो दुखण्यातही तसाच दिसतो. त्यामुळे अनुस्वारराव, मूळ लेखात "हसरे डॉल्फिन" असेल तर तेवढं गाळा.

पाहायचं ते वागणं. तासन्‌तास एकाच दिशेने फेऱ्या, पृष्ठभागावर निपचित तरंगणं, गिळलेला मासा बाहेर काढून पुन्हा गिळणं. यांतल्या पुन्हापुन्हा होणाऱ्या कृतींना पुस्तकी मराठीत 'साचेबद्ध वर्तन' म्हणतात. मी 'चाळा' म्हणेन.

वेलांटी :
काका, 'चाळा' फार हलका पडतो. चाळा रिकामा माणूस बोटांशी करतो. ह्या फेऱ्या घाण्याच्या बैलाच्या आहेत. 'साचेबद्ध'च राहू दे, कंटाळवाणा असला तरी.

भरतीओहोटी :
दुसरी बाजूही लेखात येऊ द्या. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिथल्या बंदिवासातले बॉटलनोज आता जंगली भाईबंदांच्या तोडीस तोड जगतात असं निघालं. अभ्यासक प्राणी ठेवणाऱ्या संस्थांतलेच होते, हे खरं. पण म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. फक्त 'आयुर्मान' आणि 'सुस्थिती' एका वाक्यात कालवू नका. दीर्घायुषी माणूसही हालात जगू शकतो.

पॅरिसजवळच्या एका उद्यानातला २०१८ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. डॉल्फिन कशाची आतुरतेने वाट पाहतात हे त्यांनी तपासलं. खेळण्यांपेक्षा ते माणसाबरोबरच्या खेळाची जास्त वाट पाहत होते. पाण्याबाहेर डोकं काढून माणूस येतो त्या दिशेला नजर. याला 'लळा' म्हणायचं की 'दुसरं काही नाही म्हणून'? मी तरी 'वाट पाहणे' एवढंच लिहीन.

आणि एक. १९६५ मध्ये प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची वेगळी शीळ असते हे नोंदवलं गेलं, २००१ मध्ये आरशात ते स्वतःला ओळखतात हे दिसलं. दोन्ही टाकीतल्याच डॉल्फिनांवरून. त्यांना टाकीत ठेवू नये असं म्हणायला लागणारा पुरावा टाकीनेच दिला.

खारा वारा :
त्यावरून आठवलं, भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचं मे २०१३ चं परिपत्रक. डॉल्फिनेरियमला परवानगी नको, हा त्याचा गाभा. त्यात 'नॉन-ह्यूमन पर्सन' आलंय. "भारताने डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला" असं लोक बेधडक लिहितात, पण परिपत्रक म्हणतं की असं मानावं हे *काही शास्त्रज्ञांनी सुचवलं आहे*. भाषांतरात ते "सुचवलं आहे" गळू देऊ नका. आणि कृपा करून 'अमानव व्यक्ती' नको! वाचणारा 'अमानुष' वाचेल. 'मानवेतर व्यक्ती'.

अनुस्वार :
हे सगळं उचलतोय. आता 'रिलीज'. 'मुक्त करणे' भाषणातलं वाटतं, 'सोडून देणे' म्हणजे वाऱ्यावर सोडणे.

वेलांटी :
नुसतं 'समुद्रात सोडणे' पुरे. कोरियाचं उदाहरण घ्या. सेऊलच्या प्राणिसंग्रहालयातल्या जेडोलला आधी जेजू बेटाजवळ समुद्रातच जाळ्याच्या कुंपणात ठेवलं, जिवंत मासे पकडायची सवय होऊ दिली, आणि जुलै २०१३ मध्ये सोडलं. पाठीच्या परावर '१' आकडा उमटवलेला, म्हणून लांबूनही ओळखू यायचा. सामपाल नावाची मादी त्याच्याही आधी, जून महिन्यात, जाळं फाटलं होतं तिथून निघून गेली. जेडोलला *सोडलं*, सामपाल *सुटली*. २०१६ मध्ये ती पिल्लासकट दिसली.

शेजारचा काका :
सोडता येत नाहीत त्यांच्यासाठी समुद्राच्या खाडीत जागा राखतात, त्याला 'अभयारण्य' म्हणू नका बुवा. सरकारी भाषेत 'सागरी अभयारण्य' रूढ आहे, ठाऊक आहे, पण ते जंगली जिवांसाठी. इथे आयुष्यभर माणसाने खाऊ घातलेले, म्हातारे, आजारी जीव. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे : पांजरपोळ.

भरतीओहोटी :
अर्थाने शंभर टक्के. फक्त डोळ्यांसमोर गाय येते. 'आश्रयस्थान' चालेल.

अनुस्वार :
मग असं ठरवतो : बंदिवासातले डॉल्फिन, सुस्थिती, साचेबद्ध वर्तन, समुद्रात सोडणे, आश्रयस्थान. संस्थांच्या अधिकृत नावात 'कल्याण' असेल तिथे तेच राहील. 'शो'ला 'खेळ' लिहू का?

वेलांटी :
'प्रयोग' लिहा. 'खेळ' राखून ठेवा. डॉल्फिन आपसात शेवाळाचा तुकडा पळवापळवी करत खेळतात, तो परिच्छेद तुमच्या लेखात नक्की असणार.