लेई गोंग तेंग: आमवातावर औषध की नुसतं विष?

वेलवेडा (धागालेखक):
आमवातावर (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) लेई गोंग तेंग हा 'चिनी झाडपाला' आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. फूच्येन, हूनानकडची ही वेल. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी. चीनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले. २०७ रुग्ण, २४ आठवडे. एसीआर-५० (निदान निम्मी सुधारणा) मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या नेहमीच्या औषधावर ४६.४ टक्के, वेलीच्या अर्कावर ५५.१, दोन्ही मिळून ७६.८ टक्के रुग्णांत दिसली.

आकडेमोड:
पण मेथोट्रेक्सेट आठवड्याला १२.५ मिग्रॅच दिलं होतं हे का गाळलंत? दवाखान्यात ते २०-२५ पर्यंत नेतात. प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत लावल्यावर जिंकण्यात काय मोठेपणा? शिवाय कोण काय घेतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सांधा किती दुखतो हे तर रुग्णच सांगणार.

वेलवेडा:
मग २००९ ची अमेरिकेतली चाचणी घ्या. १२१ रुग्ण; अर्क ६० मिग्रॅ दिवसातून तीनदा, विरुद्ध सल्फासॅलझिन (आमवातावरचं आणखी एक जुनं औषध) १ ग्रॅम दोनदा. एसीआर-२० (निदान २० टक्के सुधारणा) चे आकडे ६५.० विरुद्ध ३२.८ टक्के.

आकडेमोड:
आणि शेवटपर्यंत टिकले किती? अर्काच्या गटात ६२ टक्के, सल्फासॅलझिनच्या ४१. एवढी गळती झाल्यावर फरक निम्मा औषधाचा की निम्मा गळतीचा, ते सांगता येत नाही.

रेणुका:
टक्केवारी जरा बाजूला ठेवा. यातला ट्रिप्टोलाइड हा रेणू पेशीतल्या एक्सपीबी प्रथिनाला कायमचा चिकटतो. मग डीएनएवरून आरएनए बनण्याचं कामच मंदावतं. टीएनएफ, आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रथिनं कमी तयार होतात आणि सूज उतरते. पण हे कुलूप सुजेच्या जनुकांपुरतं नाही. पाळी बंद होणं, शुक्राणू घटणं, पांढऱ्या पेशी कमी होणं, जुलाब, यकृत-मूत्रपिंडाला इजा, सगळं त्यातूनच येतं. गुण आणि विष वेगळे काढता येतील असं निदान या रेणूत तरी दिसत नाही.

काष्ठौषधी:
रेणुकाताई, म्हणूनच तर जुने लोक मुळाचा फक्त लाकडी गाभा घेत. बाहेरची साल आणि आतली साल, दोन्ही काढायच्या. पानं-फुलं तर नकोतच. मग तास-दोन तास मंद आचेवर उकळायचं, म्हणजे विषारीपणा उतरतो. चुकतं ते सोलताना: मुळाच्या बेचक्यात सालीचा पट्टा राहून जातो. (मालकांगणी याच कुळातली, पण म्हणून तिचं तेल या वेलीच्या बदली चालेल असं समजू नये.)

रेणुका:
उतरतो, संपत नाही. शिवाय एका गठ्ठ्यातल्या मुळात ट्रिप्टोलाइड किती आणि दुसऱ्यात किती, हे डोळ्यांना कळत नाही. घरच्या काढ्यात मात्रा ठरवायची कशी?

वेलवेडा:
काढा करा असं मी कुठे म्हटलं? चीनमध्ये अर्काच्या १० मिग्रॅच्या गोळ्या मिळतात, वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ मिग्रॅ, तीन भागांत. मूल हवं असलेल्यांना आणि लहान मुलांना नाही. पाळी थांबलेल्या, मेथोट्रेक्सेट न सोसणाऱ्या बाईला मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली का देऊ नये?

आकडेमोड:
तेवढ्यापुरतं मान्य, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) सुरुवातीला दर पंधरवड्याला झालंच पाहिजे. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर हे कोण करतं?