१५ वर्षांच्या मुलाला मेट्रोने एकटं पाठवलं. चुकलं का माझं?

सुभाषनगरची आई

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. वय १५. बोलतो, पण समोरचा भरभर बोलला की याच्या डोक्यावरून जातं, आणि याचं बोलणं नव्या माणसाला पहिल्या खेपेला कळत नाही. गेल्या रविवारी तो सुभाषनगरहून सीताबर्डीला एकटा मेट्रोने गेला. म्हणजे जायला निघाला.

अकरा रविवार तयारी केली होती. आधी मी शेजारी बसायचे, मग समोर, मग डब्याच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचायचं सोंग घेऊन. कार्ड टेकवणं, उतरणाऱ्यांना आधी उतरू देणं (हे धडधाकट नागपूरकरांनाही कोणी तरी शिकवा), सरकत्या जिन्याची भीती वाटते म्हणून लिफ्ट. बर्डीला गेटपाशी त्याची मावशी थांबणार होती. झाशी राणी हे बर्डीच्या अलीकडचं स्टेशन, म्हणून शेवटची सूचना मी अशी दिली होती, "झाशी राणी ऐकू आलं की उभं राहायचं. पुढचं आपलं."

झाशी राणी ऐकू आलं. तो उभा राहिला. दार उघडलं, चारदोन माणसं उतरली, त्यांच्यामागे हाही उतरला.

मावशी बर्डीला, मी घरी हातात फोन धरून. चाळीस मिनिटं. शेवटी गार्डने त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरच्या नंबरवर फोन केला तेव्हा चिरंजीव बाकावर बसून मावशीसाठी दिलेले आळूचे वडे संपवत होते.

सासूबाई म्हणाल्या, "झालं समाधान?" नवरा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. आणि पोरगा झोपताना विचारतो, पुढच्या रविवारी कितीला निघायचं?

मला पाठवायचं आहे. पण रात्री झोप लागत नाही. तुमचं काय म्हणणं?

महालचे काका

ताई, राग मानू नका, पण काहून जीवाशी खेळून राहिल्या? चाळीस मिनिटांत माणूस नागपुरातून कामठीला पोहोचते. तो गार्ड चांगला निघाला म्हणून हे लिहायला तुम्ही बसल्या आहात.

माझा पुतण्या असाच आहे. आता ४१ चा. वहिनीने त्याला एक दिवस एकटं सोडलं नाही. वेळेवर जेवतो, टीव्ही बघतो, मारबतीच्या मिरवणुकीला मी हात धरून नेतो तर दिवसभर खूश. त्याला कुठं काय कमी आहे? ज्याला जमत नाही त्याला चार माणसांनी सांभाळावं, यात कमीपणा कसला? हे स्वावलंबनाचं खूळ मला आईबापांच्या हौसेचं वाटते. पोरगं 'नॉर्मल' दिसलं पाहिजे, बस.

संत्राबर्फी

बाप्पा, चाळीस मिनिटं! मला तर वाचतानाच घाम फुटला.

पण ताईंच्या बाजूने एक सांगतो. हेलन केलरला आंधळी आणि बहिरी म्हणून घरच्यांनी इतकं लाडावलं होतं की ती सगळ्यांच्या ताटात हात घालायची. १८८७ मध्ये अ‍ॅन सुलिव्हन शिकवायला आली, तर तिने आधी काय केलं? पोरीला घेऊन आवारातल्याच वेगळ्या छोट्या घरात राहायला गेली. कारण आईवडिलांसमोर शिस्त टिकेना, पोरीने हट्ट केला की ते विरघळायचे. भाषा, ब्रेल सगळं त्यानंतर. माया आड येते कधी कधी.

जरीपटक्याची आई

हेलन केलरचं उदाहरण सगळे देतात आणि अर्ध्यावर सोडतात. अ‍ॅन सुलिव्हन तिच्याजवळ १९३६ पर्यंत, म्हणजे स्वतः मरेपर्यंत होती. जवळजवळ ५० वर्षं. त्यानंतरही सोबतीला दुसरी बाई होतीच. एवढी हुशार, जगभर भाषणं देणारी बाई, आणि एकटी कधीच नव्हती. मग माझ्या मुलीकडून कसली अपेक्षा करता?

माझी मुलगी १६ ची, ऑटिझम आहे, बोलत नाही. सुभाषनगरच्या ताई, तुमचा मुलगा आहे म्हणून हा धागा तरी निघाला. माझ्या मुलीला कोणी हात लावला तर ती घरी येऊन सांगू शकत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार जास्त गंभीर गुन्हा धरला आहे. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की असली माणसं नेमकी अशीच मुलं हेरतात. मला थेरपिस्ट सांगतात, 'सोडा थोडं'. सोडून बघायला त्यांची मुलगी नाही.

बर्डीचा बाबू

मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय ३४, बँकेत नोकरी. दोन्ही बाजू वाचल्या, आणि भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय असं वाटतंय.

बारावीपर्यंत माझ्या शर्टाची बटणं आई लावायची. मला सात मिनिटं लागायची, तिला अर्धं. सकाळी घाई असायची, तिचं काही चुकलं असं म्हणणार नाही. पुढे होस्टेलला गेलो. पहिल्याच संध्याकाळी मेसवाल्याने विचारलं, चहात साखर किती? मला सांगता येईना. १८ वर्षांचा घोडा, आणि तोवर हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. कप तोंडाशी यायचा तो तयार होऊनच. बटणं मी त्या वर्षी शिकलो. साखर ठरवायला जास्त वेळ लागला. खरंच.

जरीपटक्याच्या ताई, एड रॉबर्ट्स नावाचा अमेरिकन होता. १४ व्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळजवळ काही हलत नाही, रात्री लोखंडी श्वासयंत्रात झोपायचा. १९६२ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेला. अंघोळ, जेवण, सगळ्याला मदतनीस. पण मदतनीस कोण, किती वाजता आणि कशासाठी, हे तो ठरवणार. सरकारच्या पुनर्वसन खात्याने त्याला काम न जमण्याइतका अपंग ठरवलं होतं. १९७५ मध्ये तोच त्या खात्याचा प्रमुख झाला! त्याचं म्हणणं, स्वतंत्र असणं म्हणजे सगळं हाताने करणं नव्हे, आपलं आपण ठरवणं. हेलन केलरला सोबत होती, पण भाषणात काय बोलायचं ते ती ठरवायची ना?

तुमची मुलगी एकटी बर्डीला जाऊ नये, मान्य. पण आज कुठला ड्रेस घालायचा हे कोण ठरवतं?

जरीपटक्याची आई

मी. आणि हो, हा प्रश्न जिव्हारी लागला. पण ती दोन ड्रेस समोर धरले तर दोन्हींकडे बघत नाही. हे लिहायला सोपं आहे.

पाटीपेन्सिल

२२ वर्षं विशेष शाळेत शिकवते. दोन ड्रेसवरून सुचलं म्हणून सांगते. बघत नाही म्हणजे निवडत नाही असं नसतं. काही मुलं डोळ्याच्या कडेने बघतात. नावडता ड्रेस अंगात घालताना हात आखडतो का, तेही उत्तरच आहे. दोन्ही धरा आणि मनात दहा आकडे मोजा. आपल्याला तीनपर्यंत धीर धरवत नाही, माझ्यासकट.

आता मेट्रो. सुभाषनगरच्या ताई, तुमचा मुलगा चुकला नाही. सूचना चुकली. 'ऐकू आलं की उभं राहा' म्हणालात, तो उभा राहिला. उभं राहिलं की माणूस दाराकडे जातो आणि दार उघडलं की उतरतो. दुसरं, डाउन सिंड्रोमच्या बहुतेक मुलांचं ऐकून लक्षात ठेवणं कच्चं असतं, पाहून लक्षात ठेवणं त्या मानाने पक्कं. तुम्ही अख्खा प्रवास घोषणेवर टांगलात. मोबाइलवर सहा स्टेशनांचे फोटो काढा, कार्डांवर चिकटवा, एक मागे पडलं की एक कार्ड खिशात. शेवटचं बर्डीचं, आणि त्या फोटोत मावशी उभी.

शिकवायचंही शेवटाकडून. बटण लावायचं तर सगळं तुम्ही करा, शेवटचं ओढणं तेवढं त्याचं. 'झालं' हे सुख त्याला पहिल्या दिवशी मिळालं पाहिजे. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. आणि आधार काढायचा तोही हळूहळू. हातावर हात, मग मनगट, मग कोपर, मग नुसतं बोट दाखवणं. बहुतेक घरांत हातावरून थेट 'कर तुझं तू' वर उडी मारतात, ते फसतं, आणि मग म्हणतात, याला जमतच नाही.

जाता जाता माझं एक रडगाणं. मुलांना दहा-वीसच्या नोटा ओळखायला, सुटे मोजून घ्यायला आम्ही दोन-दोन वर्षं घालवली. आता गोकुळपेठेत भाजीवालीपासून तर्रीपोहेवाल्यापर्यंत सगळे म्हणतात, स्कॅन करा.

रिंगरोडवरून

व्हीलचेअर वापरतो. मेट्रोत लिफ्ट आहे, आत जागा आहे, छान आहे. स्टेशनातून खाली उतरा आणि फुटपाथ शोधा. असलाच तर त्यावर पाणीपुरीचा ठेला. मे महिन्यात ४५ अंशांत रस्त्यावरून चाक ढकला, मग मुलांच्या स्वावलंबनावर बोलू.

महालचे काका

हेच तर म्हणून राहिलो. जग तयार नाही. आधी जग सुधरा, मग पोट्टे पाठवा.

बर्डीचा बाबू

काका, जग सुधरेपर्यंत पुतण्या ८० चा होईल. वहिनींचं वय काय?

महालचे काका

७२.

त्याची सोय केली आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, १९९९ चा आहे तो, जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात त्या समितीकडून पालकत्वाचा कागद झाला. १८ नंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? मेट्रो शिकवण्याआधी हे करा. वहिनीनंतर माझा मुलगा पाहील. तो मोठा गुणी आहे.

धाकटी

मी सहसा लिहीत नाही. 'माझा मुलगा पाहील' वाचलं आणि राहवलं नाही.

माझा मोठा भाऊ २६ चा आहे, मी २१ ची. मला आठवतं तेव्हापासून घरात 'आमच्यानंतर कोण' हा प्रश्न निघाला की सगळे थोडा वेळ गप्प होतात आणि मग माझ्याकडे बघतात. माझं त्याच्यावर प्रेम आहे. पण त्याला पोळी वाढून घेता येत नाही, कारण कोणी शिकवलं नाही, आणि त्यामुळे मला पुण्याला जाता येत नाही. काका, तुमच्या मुलाला एकदा विचारा. हो म्हणेल तो. मीही म्हणते. विचारून झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघा.

पोळी मी गेल्या महिन्यापासून शिकवतेय. आता भाऊ ताट घेऊन स्वयंपाकघरात येतो. डबा उघडता येत नाही अजून, झाकण घट्ट आहे. डबा बदलायचा हे सुचायला आम्हाला तीन आठवडे लागले.

महालचे काका

पोरी, रागावू नको. विचारीन त्याला.

तरी मेट्रोचं मला पटलं नाही. पोळी घरात आहे. पडली तर ताटात पडेल.

जरीपटक्याची आई

मलाही पटलेलं नाही, काका. पाटीपेन्सिल मॅडम, दहापर्यंत मोजलं. आठला तिने निळ्याची बाही धरली. योगायोग असेल. उद्या परत धरून बघते.

सुभाषनगरची आई

फोटोंची कार्डं केली. झाशी राणीच्या फोटोवर त्याने स्वतः लाल पेनाने फुली मारली आहे, एवढी मोठी की खालचं स्टेशन दिसत नाही.

काकांसाठी, या रविवारी मी त्याच गाडीत पण दुसऱ्या डब्यात बसणार आहे. त्याला सांगितलेलं नाही.

महालचे काका

हे बरं केलं. एवढंच म्हणणं होतं माझं.

बर्डीचा बाबू

सोबत जा ना, कोण नको म्हणतंय. पण लपून का? बर्डीला पोहोचल्यावर त्याला कळलं की आई मागेच होती, तर तो प्रवास कोणाचा झाला? सांगा त्याला.

सुभाषनगरची आई

सांगितलं. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "ये. पण तुझं कार्ड तू टेकव."