मदत हवी आहे: ५० एमएम लेन्सची ऑटोफोकस मोटर रोजच्या हाताळणीत कशी जपावी?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. बारसं, डोहाळजेवण, घरगुती लग्नं असे कार्यक्रम शूट करते. नुकतीच कॅननची ईएफ ५० एमएम एफ १.४ यूएसएम (म्हणजे अल्ट्रासोनिक मोटरची) लेन्स सेकंडहँड घेतली. फोकस चटकन लागतो, काच स्वच्छ आहे. ही लेन्स मला बरीच वर्षं वापरायची आहे, म्हणून काही बिघडायच्या आधीच विचारतेय.

जो तो सांगतो, "हिची मोटर नाजूक, सांभाळून." पण सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कोणी सांगत नाही. फोकस सारखा मारल्याने मोटर झिजते, की धक्क्याने जाते? जवळचा फोकस घेतला की पुढची नळी बाहेर येते, आणि कॅप लावताना, बॅगेत ठेवताना नेमका तिच्यावरच दाब पडतो. मला जास्त भीती त्याची वाटते. त्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक शूट करायची आहे. इतवारी-महालातली ती गर्दी तुम्हाला माहीतच आहे, कॅमेरा छातीशी धरला तरी कोणाचा तरी खांदा लेन्सवर येतोच.

ऑटोफोकसवर असताना हाताने रिंग फिरवली तर चालते का, हेही सांगा.

फुटाळाकाठ
ताई, तुमची भीती बरोबर जागी आहे. फोकस मारल्याने ही लेन्स सहसा जात नाही, मोटर त्यासाठीच बनवलेली असते. घात होतो तो बाहेर आलेल्या नळीवर दाब किंवा मार बसल्याने. आत नळी ज्या खाचांतून पुढेमागे सरकते, त्या जराशा वाकल्या की नळी अडकते. मोटर छोटी, मायक्रो यूएसएम जातीची, दातेरी चाकांवर चालणारी. अडकलेली नळी रेटायची ताकद तिच्यात नाही. मग लोक म्हणतात मोटर गेली.

म्हणून काम संपलं की फोकस इन्फिनिटीवर, म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला आणा, नळी पूर्ण आत जाते. कॅप त्यानंतरच लावा. कॅप आणि फिल्टर दोन्ही त्या आतल्या नळीवरच बसतात, त्यामुळे फिल्टरही करकचून आवळू नका. आणि ईएस-७१ टू हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवती बसणारं कडं, घ्याच. तो बाहेरच्या, न हलणाऱ्या भागावर बसतो, म्हणजे धक्का हूडवरून बॉडीत जातो, नळीला लागत नाही. मारबतीला हूड काढूच नका. बॅगेतही लेन्स तोंडावर उभी ठेवू नका.

रिंगचं म्हणाल तर या लेन्समध्ये आत क्लच आहे, म्हणजे हाताचा जोर मोटरवर येऊ न देणारी जोडणी, ऑटोफोकसवर असतानाही हाताने फिरवता येते. टोकाला गेल्यावर जोर लावू नका, एवढंच.

वर्धारोडवाला
वरचं सारं बरोबर. फक्त रिंगची सवय दुसऱ्या लेन्सवर नेऊ नका, भाऊ-ताई सगळ्यांनाच सांगून राहिलो. साध्या मोटरच्या जुन्या किट लेन्समध्ये (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) क्लच नसते. तिथे एएफवर (ऑटोफोकसवर) असताना रिंग फिरवली की थेट मोटरची चाकं उलटी फिरतात. त्यातल्या काही लेन्सचं पुढचं तोंडही फोकससोबत फिरते, तर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) चढवताना आधी स्विच एमएफवर (हाताच्या फोकसवर) घ्या, मग हात लावा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कॅप कुठे बसते याचा मी विचारच केला नव्हता. अजून दोन गोष्टी. मंगल कार्यालयात दिवे मंद असले की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकत राहते, त्याने काही होतं का? आणि मे महिन्यात गाडीत बॅग राहिली तर?

फुटाळाकाठ
भटकण्याने लगेच काही होत नाही, पण वेळ आणि बॅटरी जाते. मधला फोकस पॉइंट निवडा आणि साडीचा काठ, फेट्याची कड, दागिना अशा ठळक रेषेवर धरा. कॅननच्या काही बॉडींमध्ये फोकस मिळत नसेल तर लेन्स फिरवणं थांबवायची सेटिंग असते, मेनूत शोधा. शिवाय या लेन्सला ४५ सेंमीच्या आत फोकस लागतच नाही. बाळाच्या मुठीचा फोटो घेताना फार जवळ गेलात तर ती उगाच धडपडत राहील, एक पाऊल मागे या.

गाडीत मात्र अजिबात ठेवू नका. आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. आतलं ग्रीस पातळ होऊन पसरतं, कधी ॲपर्चरच्या (आत येणारा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या) पात्यांवर येतं.

आणखी एक, सेकंडहँड आहे म्हणून सांगतो. कॅमेरा बंद ठेवून रिंग अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. सगळीकडे सारखीच हलकी लागली पाहिजे. मध्येच एका जागी जड लागली किंवा खरखरली, तर नळीला आधीच मार बसलेला असू शकतो. तसं असेल तर मारबतीची वाट बघू नका, आधीच जाणकार मेकॅनिककडून उघडून घ्या.

प्रश्नकर्ती
आत्ताच फिरवून पाहिली. सगळीकडे सारखी आहे. हूड उद्या सीताबर्डीत शोधते. तिथे मिळाला नाही तर इथे कोणाकडे जास्तीचा असल्यास कृपया कळवा, विकत घेईन.