मदत हवी आहे: ऑरावालं मायग्रेन आहे, कुठली गर्भनिरोधक गोळी चालेल?

वय ३४, बीपी नॉर्मल, तंबाखू-सिगारेट काही नाही. अंगावरून जास्त जातं म्हणून एस्ट्रोजेनवाली गोळी चालू होती, पण आता डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं नागमोडी चमकत्या रेषा येतात, म्हणजे ऑरा, आणि त्यात ही गोळी स्ट्रोकचा धोका वाढवते म्हणून मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच बंद करायला लावली. बरोबरच केलं त्यांनी. कॉपर-टीनं ब्लीडिंग अजून वाढलेलं, काढली. सध्या निरोध. अंतरा इंजेक्शन नको, पुढं दुसरं मूल हवंय आणि ते सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो. उरली सरकारी दवाखान्यातली छाया, म्हणजे बिनहार्मोनची गोळी, नाहीतर नुसत्या प्रोजेस्टोजेन हार्मोनची, एस्ट्रोजेन नसलेली डेसोजेस्ट्रेल गोळी. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ऑरा असताना यातली कुणी घेतलीय का, डोकेदुखी वाढली का कमी झाली, आणि डेसोजेस्ट्रेल सांगली-मिरजेत मेडिकलात मिळते का?