अनुभव धागा: तुमचा पहिला व्हिडिओ गेम कुठला, आणि तो घरी आला कुठून?

कुळागरातला:
मंडळी, चवथीला सगळे मूळ घरी जमले की दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर गप्पा हमखास व्हिडिओ गेमवर येतात आणि पन्नाशीला टेकलेले भाऊ काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये एस गन (पसरून गोळ्या मारणारी बंदूक) कोण पळवायचा यावरून खरंखुरं भांडतात. म्हणून म्हटलं धागाच काढू. कुठला कन्सोल, कुठला गेम ते सांगाच, पण मला जास्त उत्सुकता याची की तो तुमच्याकडे पोचला कसा. मुंबईवाल्यांचं सोपं, लॅमिंग्टन रोड म्हटलं की झालं. आपल्याकडे गोव्यात एकतर जत्रेत घेतलेला नाहीतर कोणाचातरी मामा बोटीवर. पीसीवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढा, इथे टीव्हीला जोडायचे आणि हातात धरायचे एवढेच.

माझा म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेतला. खाजं घ्यायचं आणि घरी यायचं असा आमच्याकडे नियम, त्या वर्षी तो आजीनेच मोडला. डब्यावर कसलंच धड नाव नव्हतं, पण आत तेच, १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल. आपल्याकडच्या मीडिया, लिटल मास्टर सगळ्यांची जात तीच. खऱ्या फॅमिकॉमला रॅम होती २ केबी, आज सकाळी सकाळी येणारा शुभप्रभातचा फोटो त्याच्या शंभरपट असतो आणि त्यात एक धड रणगाडा पण नसतो.

तर रणगाडे. बॅटल सिटी, नामको, १९८५, आम्ही नुसतं टँक म्हणायचो. काँट्रापेक्षा सरस, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. दोघांनी मिळून खालचा गरुड सांभाळायचा, वीस रणगाडे मारले की स्टेज संपली, आणि त्यात भारी काय तर आपली गोळी जोडीदाराला लागली की तो मरत नाही, थोडा वेळ जागेवर अडकतो. म्हणजे भावाला जागेवर अडकवून ठेवून सगळे पॉवरअप आपणच खायचे, हा खरा गेम. शिवाय कन्स्ट्रक्शन मोड. गरुडाभोवती सगळं स्टील लावायचं आणि मग निवांत. ते सेव्ह होत नाही, स्वीच बंद केला की गेलं, म्हणून रोज नव्याने बांधायचं आणि त्यातच अर्धी दुपार जायची.

कार्टवर, म्हणजे गेमच्या कॅसेटवर, ९९९९९९९ इन १ लिहिलेलं हे वेगळं सांगायला नको. खरे गेम मोजके, बाकी तेच परत, फक्त काँट्रा तिसऱ्या स्टेजपासून सुरू नाहीतर पाचव्या.

वाळपई एक्सप्रेस:
एक्साईटबाईक. बाकी सगळं नंतर.

तारवटीचो भाचो:
मामाचा विषय काढलास म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे नुसता वाचक.

मामा जहाजावर इलेक्ट्रिशियन, जपानची लाईन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुट्टीवर आला तो योकोहामाहून सुपर फॅमिकॉम घेऊन. जपानात तो निघाला नोव्हेंबर १९९० ला, म्हणजे आमच्या अख्ख्या वाड्याने आठ बिटवाला पण धड बघितला नव्हता तेव्हा आमच्याकडे सोळा बिट आला, सोबत सुपर मारिओ वर्ल्ड आणि एफ झीरो, खोक्यावर सगळं जपानी. आणि लागेना. एकतर त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. मामाने कोणाला प्लगजवळ फिरकू दिलं नाही म्हणून वाचला, मडगावहून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत खोकं देवघराच्या वरच्या फळीवर, आणि आम्ही खाली बसून वर बघतोय. ट्रान्सफॉर्मर आला, लावलं, तर मारिओ काळापांढरा आणि चित्र वरवर पळतंय. जपानची टीव्ही सिग्नलची पद्धत एनटीएससी, आपला टीव्ही फक्त पाल पद्धत घेणारा, त्याला ते रंग कळतच नाहीत.

मग उपाय शेजारी निघाला. शेजारच्या अंकलनी कुवेतहून टीव्ही आणलेला, मल्टिसिस्टम, गल्फहून येणारे टीव्ही तेव्हा बहुतेक असेच असायचे, काहीही जोडा, घेणार. त्यामुळे आमचा कन्सोल मे महिनाभर राहिला त्यांच्या हॉलमध्ये. रोज संध्याकाळी त्यांचा तेर्स, म्हणजे संध्याकाळची ख्रिस्ती प्रार्थना, आटपेपर्यंत आम्ही सगळी पोरं बाल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) गप्प बसायचो, प्रार्थनेतली शेवटची लादाइन्य संपली की आंटी दार उघडायची आणि मग रात्री जेवायला हाक येईपर्यंत. आंटीला एफ झीरो आवडायचा नाही, डोकं फिरतं म्हणायची, पण मारिओचा डायनासोर योशी आला की हातातलं काम टाकून यायची. त्या गेममध्ये एकूण ९६ एक्झिट आहेत, म्हणजे एकाच स्टेजमधून बाहेर पडायचे वेगवेगळे रस्ते धरून. जपानी वाचता येणारा एकही माणूस आजूबाजूला नाही आणि इंटरनेट तर नाहीच, तरी चावीची भोकं शोधत शोधत आम्ही स्टार रोड गाठला. कोणी एक्झिट शोधली की ती आंटीच्या कॅलेंडरच्या मागे लिहायची.

सेव्ह कार्टच्या आत असतो, आणि तो जिवंत ठेवायला आत बटणासारखी बॅटरी असते, सीआर २०३२. ती कधीतरी मरतेच आणि सेव्ह जातो. आमचा गेला. मी नवीन बॅटरी टाकून घेतली, गेम मस्त चालतो, आता पहिल्यापासून परत चालू आहे.

कुळागरातला:
भावा, हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. ट्रान्सफॉर्मर आहे का अजून?

तारवटीचो भाचो:
आहे की. घूंऽऽ करतो पण चालतो.

माटोळी:
मुली खेळायच्या नाहीत असं इथे कोणी लिहायच्या आत लिहून टाकते. फोंड्याला आमच्याकडे आलेला भावाच्या मुंजीत भेट म्हणून, पण सुपर मारिओ ब्रदर्स संपवला मी. भाऊ अजून आठ चार च्या, म्हणजे शेवटच्या स्टेजच्या, चक्रव्यूहात फिरतोय.

आता काही गोष्टी ज्या तेव्हा आम्ही नुसत्या मानायचो, आणि खऱ्या निघाल्या. झेंड्याच्या काठीला लटकताना टायमरचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तेवढेच फटाके वाजतात, आम्ही म्हणायचो देव प्रसन्न झाला. ढग आणि झुडुपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, जागा वाचवायला, कारण अख्खा गेम ४० केबीत बसवलेला. आणि तीन एक च्या शेवटी पायऱ्यांवर कासवावर उड्या मारत राहिलं की लाईफ वाढतच जातात हे तर सगळ्यांना माहीतच असेल, पण १२७ च्या पुढे गेलात तर आकडा उलटतो आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर. भाऊ हावरट, तो कायम तिथेच संपायचा, मी शंभरच्या आत थांबायचे. त्याला कारण आजही सांगितलेलं नाही, इथे वाचेल तर वाचू दे.

आईला मात्र ते धावपळीचे गेम झेपायचे नाहीत. तिचा तो हातातला ब्रिक गेम, राखाडी, पेन्सिल सेलवरचा. दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरातून टिक टिक टिक. टेट्रिस ही रशियातल्या अलेक्सी पाजित्नोव्हची करामत, हे तिला सांगितलं तेव्हा म्हणाली बरा माणूस असणार.

खारवीवाडा:
टीव्हीचा नव्हे, पण गेम पार्लरचं चालेल का? वास्कोत शाळा सुटली की मुस्तफा. त्या मशीनवर नाव वेगळंच लिहिलेलं, कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण ते वाचायला वेळ कोणाला, सगळ्यांना पिवळी टोपीवाला मुस्तफा हवा आणि जो हरेल त्याला तो जाडा मेस. तीन जण एकदम खेळायचो, चौथा मागून सल्ले द्यायला. सप्ताहाच्या दिवसात तर फेरीत, म्हणजे तेव्हाच्या बाजारात, इतकी गर्दी की घरचे शोधायला आले तरी सापडायचो नाही. डायनासोर मारायचा नाही, त्याला चिडवून गुंडांच्या अंगावर सोडायचा, हे ज्याला जमायचं तो राजा.

कुळागरातला:
चालेल रे, मुस्तफाला कोण नाही म्हणणार.

हाफटाईम:
आमच्या पिढीचा रेट्रो म्हणजे पीएस टू, हसू नका, २००० सालचा आहे तो, आजची पोरं त्याला अँटिकच म्हणतात. बाणावलीजवळ एका घराच्या खालच्या खोलीत चार टीव्ही, तासावर पैसे, आणि गेम एकच, फुटबॉलचा पीईएस ६. गोव्यात दुसरं काय चालणार. मैदानात पाणी भरलं की पावसाळाभर फुटबॉल तिथेच. आद्रियानो घ्यायचा नाही असा लेखी नियम भिंतीवर, कारण त्याच्या डाव्या पायाने पंचवीस यार्डांवरून मारलं की गोलकीपर नुसता बघायचा. लायसन्स नसल्यामुळे लिव्हरपूलचं नाव मर्सीसाइड रेड, चेल्सीचं लंडन एफसी, आम्हाला तीच खरी वाटायची.

पण सगळ्यात मजा एडिट मोडची. आपल्या गोव्याच्या चर्चिल क्लबने २००८-०९ ची आय लीग ही फुटबॉल स्पर्धा जिंकली तेव्हा एकाने बसून अख्खी चर्चिलची टीम बनवली, लाल जर्सी, त्यांच्या स्ट्रायकर ओडाफाचा स्पीड बघून आम्हीच लाजलो, आणि त्या टीमने बार्सिलोनाला हरवलं. पीएस टूच्या मेमरी कार्डाला जागा ८ एमबी, त्या कार्डात चर्चिल होतं म्हणून पार्लरवाला ते खिशात घालून घरी न्यायचा. पैशांचा गल्ला तिथेच राहायचा, कार्ड घरी.

खारवीवाडा:
दुसऱ्या क्लबच्या, धेंपोवाल्यांनी काय केलं मग?

हाफटाईम:
त्यांनी वेगळं कार्ड आणलं. खरंच.

सोल्डरिंगवाला:
सगळ्यांचं वाचलं, आता कामाचं बोलतो कारण प्रत्येक जण म्हणणार आमचा माळ्यावर आहे, काढून लावतो. थांबा. आधी कार्टच्या पिना बघा.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने ओल, त्यात तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतातच, किनाऱ्याकडच्या गावात तर जास्तच. आणि त्यावर आपण लहानपणापासून काय केलं, फुंकर. फुंकरेत थुंकीचा ओलावा असतो, त्याने गंज वाढतो. मग फुंकर मारल्यावर चालायचा कसा? तर फुंकर मारायला कार्ट काढून परत घातलं ना, त्या घासण्याने पिनेचा संपर्क नीट बसायचा, श्रेय मात्र फुंकरेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, बास. खोडरबर अगदीच हट्टी डागाला, हलक्या हाताने, जोर लावलात तर वरचा मुलामा पण निघतो. एका काकांनी माझ्याकडे आणलेलं कार्ट फेणीने पुसलेलं होतं. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं हो, शिवाय वास आठवडाभर. उर्राकाने (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूने) तर विचारही करू नका, ते प्यायचंच असतं.

अडॅप्टर जुना असेल तर लावायच्या आधी मीटरने तपासा. आणि उघडलात आणि आत मोठ्या चिप नाहीत, नुसता एक काळा थेंब दिसला, तर तो नंतरचा क्लोन, सगळं सर्किट त्या थेंबाखाली आहे, तो गेला की गेला, दुरुस्तीला माझ्याकडे आणू नका, मी चहा पाजून परत पाठवीन.

पावसाळीबेडूक:
@सोल्डरिंगवाला, तुमच्या पद्धतीने पुसून लावला, चालू झाला, धन्यवाद! पण डक हंटची बंदूक काही केल्या लागत नाही. मुलगा टीव्हीला नळी टेकवून मारतोय तरी बदक उडून जातंय आणि तो कुत्रा हसतोय. बंदूक गेली का?

सोल्डरिंगवाला:
टीव्ही नवीन ना, एलईडी? मग बंदूक ठीक असेल. बंदुकीतून काही बाहेर येत नाही, ती फक्त उजेड बघते. चाप ओढला की पडदा एका फ्रेमसाठी पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीने काळ्यानंतर पांढरं बघितलं तर नेम लागला. आधी काळं ठेवलंय ते बल्बवर नेम धरून फसवाफसवी करू नये म्हणून. हे सगळं पाठोपाठच्या फ्रेममध्ये. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही ते त्याच क्षणी दाखवतो, नवीन टीव्ही चित्रावर आधी संस्कार करतो आणि मग दाखवतो, तोवर गेमने निकाल दिलेला असतो. शिवाय ती बंदूक ट्यूबच्या लुकलुकीलाच ओळखते, एलईडीचा उजेड तिला उजेड वाटतच नाही. मुलाला सांगा तोवर दुसरा रिमोट घेऊन बदक उडवायला, एका बदकाच्या मोडमध्ये ते चालतं.

पावसाळीबेडूक:
अरे बाप रे, दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं?? मग माझा भाऊ मला इतकी वर्षं... असो. ट्यूबवाला टीव्ही आता कुठे मिळणार?

वाळपई एक्सप्रेस:
माझ्याकडे आहे, २१ इंची, चालू, डिचोलीच्या घरी. फुकट न्या. जड आहे, दोघं जण या आणि स्कूटरवर येऊ नका, पिकअप आणा. बंदूक सोबत आणा, तिथेच लावून बघू. आणि एक्साईटबाईकचं कार्ट असेल तर ते पण.